घरगुती बिअरसाठी रेसिपी सॉफ्टवेअरची निवड

घरी बिअर बनवणाऱ्याला दर वेळी एकच गणित सोडवावे लागते: इतके धान्य, इतके हॉप्स आणि इतके पाणी घेतले, तर शेवटी पेल्यात काय उतरेल? रेसिपी सॉफ्टवेअर हे गणित काही क्षणांत करून देते. बाजारात असे अनेक प्रोग्रॅम आहेत आणि वरवर पाहता सगळे सारखेच वाटतात. निवड करताना मात्र दोन गोष्टींना सर्वाधिक महत्त्व द्यावे. प्रोग्रॅमला आपल्या भांड्यांची आणि आपल्या हाताची खरी मापे शिकवता येतात का, ही पहिली. त्यात साठवलेल्या नोंदी हव्या तेव्हा बाहेर काढता येतात का, ही दुसरी. बाकीच्या सोयी यानंतर येतात.

छंद, कायदा आणि वहीतले हिशेब

या सॉफ्टवेअरची वाढ मुख्यतः अमेरिकेत झाली. तिथे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे घरगुती बिअरला संघराज्याच्या पातळीवर मोकळीक मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. ब्रिटनने परवान्याची अट १९६३ मध्येच काढली होती. १९७८ मध्येच ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिचे ‘झायमर्जी’ हे नियतकालिक निघू लागले. सुरुवातीची सूत्रे, तक्ते आणि आकडेमोडीच्या पद्धती अशा नियतकालिकांतून आणि पुस्तकांतून पसरल्या. पुढे घरोघरी संगणक आले आणि वहीतला हिशेब प्रोग्रॅममध्ये गेला.

भारतात स्थिती वेगळी आहे. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. घरची हौसही याला अपवाद नाही. त्यामुळे हे प्रकरण उपयोगी पडेल ते कायद्याने मुभा असलेल्या देशांतल्या मराठी कुटुंबांना आणि परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम शिकणाऱ्यांना. गणित दोन्हीकडे एकच आहे.

सॉफ्टवेअर नेमके काय मोजते

भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवले की त्यातल्या स्टार्चची साखर होते. या पायरीला मॅश म्हणतात. त्यातून गाळलेले गोड पाणी म्हणजे वर्ट. वर्ट हॉप्ससह उकळायचे, थंड करायचे आणि यीस्ट घालून आंबवायचे. यातल्या प्रत्येक पायरीला एक आकडा चिकटलेला असतो.

पहिला आकडा आंबवणापूर्वीच्या विशिष्ट घनतेचा. शुद्ध पाण्याची घनता १.००० धरतात. वर्टमध्ये साखर जितकी जास्त, तितका हा आकडा वर जातो. दुसरा आकडा आंबवण संपल्यानंतरच्या घनतेचा. या दोहोंतल्या फरकाला १३१.२५ ने गुणले की अल्कोहोलचे आकारमानी प्रमाण टक्क्यांत मिळते. १.०५२ पासून १.०१२ पर्यंत उतरलेल्या बिअरमध्ये सुमारे ५.२५ टक्के अल्कोहोल असते. तिसरा आकडा कडवटपणाचा, जो आयबीयू या एककात सांगतात, आणि चौथा रंगाचा. रंग अमेरिकेत एसआरएम, तर युरोपात ईबीसी या मापात देतात. ईबीसीचा आकडा एसआरएमच्या जवळजवळ दुप्पट असतो. यांखेरीज पाणी किती घ्यायचे, किती तापवायचे, यीस्ट किती घालायचे आणि बाटलीत भरताना साखर किती, हेही सॉफ्टवेअर सांगते.

यातला एकही आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. तो अंदाज असतो, आणि त्याची अचूकता वापरणाऱ्याने भरलेल्या माहितीइतकीच असते. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि वजनकाटा यांची जागा कोणताही प्रोग्रॅम घेऊ शकत नाही.

कार्यक्षमता: सर्वांत महत्त्वाचा रकाना

एक उदाहरण सविस्तर पाहू. वीस लिटर अमेरिकन पेल एल बनवायची आहे. त्यासाठी ४.५ किलो पेल माल्ट आणि ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट घेतले. एक किलो पेल माल्टमधली सगळी साखर एक लिटर पाण्यात उतरली, तर घनतेचे साधारण ३०० अंश मिळतात (१.००० च्या वरचा प्रत्येक ०.००१ म्हणजे एक अंश). क्रिस्टलचे सुमारे २८४ मिळतात. म्हणजे एकूण ऐवज झाला सुमारे १,४३५ अंशांचा. पण घरच्या भांड्यात सगळी साखर कधीच हाती लागत नाही. काही चोथ्यात राहते, काही भांड्याच्या तळाशी गाळाबरोबर जाते. हाती लागणारा हिस्सा म्हणजे कार्यक्षमता.

कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर १,०३३ अंश वीस लिटरमध्ये वाटले जातात आणि घनता येते १.०५२. तीच ६२ टक्के असेल तर घनता १.०४४ वर थांबते. यीस्टने दोन्हीकडे ७७ टक्के साखर संपवली असे मानले, तर पहिल्या बिअरमध्ये सव्वापाच टक्के अल्कोहोल येईल आणि दुसरीत सुमारे साडेचार. रेसिपी तीच, माल्ट तेच, तरी बिअर वेगळी. दुसऱ्या घरात १.०५२ गाठायचे असेल, तर पाऊण किलोहून थोडे अधिक माल्ट जास्त घ्यावे लागेल.

म्हणून प्रोग्रॅम पारखताना आधी त्याचे उपकरण प्रोफाइल उघडावे. त्यात निदान पाच गोष्टी स्वतंत्रपणे भरता आल्या पाहिजेत: कार्यक्षमता, तासाला वाफेवाटे उडणारे पाणी, उकळण्याच्या भांड्यात तळाशी राहणारा भाग, धान्य शोषून घेते ते पाणी आणि थंड होताना होणारी सुमारे चार टक्के घट. वरच्याच उदाहरणात फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, वीस लिटर हवे असेल, तळाशी दीड लिटर राहत असेल, तासाला साडेतीन लिटर उडत असेल आणि प्रत्येक किलो धान्य एक लिटर पाणी पीत असेल, तर सुरुवातीला जवळजवळ ३१ लिटर पाणी लागते. ही मापे बदलूच न देणारा प्रोग्रॅम कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा.

कार्यक्षमतेबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. काही प्रोग्रॅम केवळ मॅशची कार्यक्षमता विचारतात, तर काही धान्यापासून फर्मेंटरपर्यंतच्या साऱ्या प्रवासाची. दुसऱ्या आकड्यात गाळाबरोबर गेलेले वर्टही मोजलेले असते, म्हणून तो नेहमी थोडा कमी असतो. एका प्रोग्रॅममधला आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा भरला की घनता चुकते. रकान्याचे नाव वाचून मगच आकडा भरावा.

कडवटपणाची सूत्रे

हॉप्समधली आल्फा आम्ले उकळताना रूप बदलतात आणि वर्टमध्ये विरघळून कडवटपणा देतात. किती उकळल्यावर किती टक्के विरघळतात, याची वेगवेगळी सूत्रे आहेत. जॅकी रेगर यांचे सूत्र १९९० मध्ये ‘झायमर्जी’च्या हॉप्स विशेषांकातून लोकांपुढे आले. ग्लेन टिन्सेथ यांचे सूत्र त्याच दशकातले असून आज बहुतेक प्रोग्रॅम ते आधीपासून निवडून ठेवतात.

दहा टक्के आल्फा आम्लाचे २५ ग्रॅम हॉप्स आपल्या वीस लिटरच्या पेल एलमध्ये तासभर उकळले, तर टिन्सेथ सूत्राने सुमारे २८ आयबीयू येतात आणि रेगर सूत्राने सुमारे ३८. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत अमेरिकन पेल एलसाठी ३० ते ५० आयबीयूची मर्यादा दिली आहे. म्हणजे एकच बिअर एका सूत्राने शैलीच्या बाहेर पडते आणि दुसऱ्याने आरामात आत बसते.

यांतले बरोबर कोणते, या वादात शिरण्याची घरी गरज नाही. सूत्र एकदा ठरवावे आणि तेच कायम वापरावे. चारपाच वेळा बिअर बनवली की आपल्या जिभेला या सूत्राचे ३५ म्हणजे किती कडू, हे कळू लागते. तुलना त्याच सूत्रात करायची. दुसऱ्याची रेसिपी घेताना तिचे आयबीयू कोणत्या सूत्राने काढले आहेत, ते पाहावे. प्रोग्रॅममध्ये सूत्र निवडण्याची सोय असावी आणि रेसिपीच्या पानावर त्याचे नाव दिसावे.

उशिरा घातलेल्या हॉप्सचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. आजकाल पुष्कळ हॉप्स उकळी बंद केल्यावर ऐंशी-नव्वद अंशांच्या वर्टमध्ये मुरवतात. तापमान उतरत गेले की आल्फा आम्लांचे रूपांतर मंदावते. उकळण्याच्या वेळेवर आधारलेली मूळ सूत्रे या अवस्थेसाठी तयारच झालेली नव्हती. नवे प्रोग्रॅम तापमान विचारून दुरुस्ती करतात, पण प्रत्येकाची पद्धत निराळी असते. हॉप्सप्रधान बिअर आवडणाऱ्याने ही सोय आहे का, ते आधी तपासावे. उंचावर राहणाऱ्यांसाठी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा रकानाही उपयोगाचा आहे. डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या शहरात पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते आणि तिथे हॉप्स कमी उतरतात.

पाणी, यीस्ट आणि बाटलीतली साखर

मॅशसाठी पाणी किती तापवायचे, हे धान्याच्या तापमानावरही अवलंबून असते. एक किलो धान्याला तीन लिटर पाणी, मॅशचे लक्ष्य ६७ अंश आणि धान्य २२ अंशांवर असेल, तर पाणी ७३ अंशांपर्यंत तापवावे लागते. हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवलेले धान्य १० अंशांवर असेल, तर हाच आकडा ७५ च्या जवळ जातो. भांडे स्वतःही उष्णता खाते, म्हणून चांगला प्रोग्रॅम भांड्याचे वजन आणि धातूही विचारतो.

पाण्यातल्या क्षारांचा हिशेब पूर्वी वेगळ्या स्प्रेडशीटमध्ये करावा लागे. मार्टिन ब्रुंगार्ड यांची ‘ब्रुन वॉटर’ ही त्यांतली नावाजलेली. आता मोठे प्रोग्रॅम कॅल्शियम, सल्फेट, क्लोराइड यांचा आणि मॅशच्या सामूचा अंदाज स्वतःच देतात. सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. अगदी नवशिक्याला या भागाची घाई नसते. मात्र गडद आणि अगदी फिक्या अशा दोन्ही बिअर एकाच नळाच्या पाण्यावर बनवायच्या असतील, तर तो लवकरच लागतो.

यीस्टसाठी प्रचलित अंदाज असा: एलला दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे ७.५ लाख पेशी आणि लागरला त्याच्या दुप्पट. प्लेटो हे वर्टमधल्या साखरेचेच दुसरे माप आहे, १.०४८ घनता म्हणजे सुमारे १२ अंश प्लेटो. साठवणीत यीस्ट मरत जाते, म्हणून पाकिटावरची तारीख विचारणारा प्रोग्रॅम जास्त भरवशाचा.

बाटलीतल्या साखरेचे गणित मात्र नवशिक्यानेही नीट समजून घ्यावे, कारण साखर जास्त पडली तर दाबाने बाटली फुटून इजा होऊ शकते. वीस लिटर बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडचे २.४ आकारमान हवे असेल आणि ती २० अंशांवर आंबली असेल, तर सुमारे ११८ ग्रॅम साखर लागते. इथे तापमानाच्या रकान्यात फसगत होते. बिअर २० अंशांवर आंबवून नंतर चार अंशांपर्यंत थंड केली आणि रकान्यात चार भरले, तर प्रोग्रॅम ६८ ग्रॅमच्या आसपास आकडा देतो आणि बिअर पुरेशी फसफसत नाही. थंड बिअर जास्त वायू धरून ठेवते, हे खरे. पण आंबवण संपल्यानंतर नवा वायू तयारच होत नाही. म्हणून आंबवणाच्या काळातले सर्वांत जास्त तापमान भरायचे असते. हे रकान्याशेजारी स्पष्ट लिहिणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्याची काळजी घेतो.

प्रमुख पर्याय

१९९० च्या दशकाच्या अखेरीस विंडोजवर चालणाऱ्या ‘प्रोमॅश’चा बोलबाला होता. त्याचा विकास पुढे थांबला. ब्रॅड स्मिथ यांचे ‘बिअरस्मिथ’ २००३ मध्ये आले आणि आजही टिकून आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. उपकरणांचे तपशीलवार प्रोफाइल, मोठा घटकसंग्रह आणि बारीकसारीक मापे बदलण्याची मुभा ही त्याची ताकद. पडद्यावर रकाने पुष्कळ असल्याने नवशिक्याला ते जड वाटू शकते.

‘ब्रुअर्स फ्रेंड’ वेबवर चालते. त्याची सुटी कॅलक्युलेटर, म्हणजे साखर, यीस्ट, घनता-दुरुस्ती यांची स्वतंत्र पाने, खाते न उघडताही वापरता येतात. संपूर्ण रेसिपी बनवण्याआधी गणिताची ओळख करून घ्यायला ती उत्तम. ‘ब्रुफादर’ही वेबवरचेच, पण फोनवर सहज चालणारे आहे. बिअर बनवण्याच्या दिवशी पायरीगणिक घड्याळ लावणे, टिल्ट किंवा आयस्पिंडलसारख्या तरंगत्या हायड्रोमीटरची मापे आपोआप टिपणे, या त्याच्या खास सोयी. अशा सेवांची फुकट आवृत्ती मर्यादित असते आणि पूर्ण वापरासाठी वर्गणी भरावी लागते.

‘ब्रुटार्गेट’ मुक्तस्रोत आणि विनामूल्य आहे. ते स्वतःच्या संगणकावर चालते, त्याला इंटरनेट लागत नाही आणि त्यातली सूत्रे कोणालाही उघडून तपासता येतात. दिसायला साधे असले तरी मूळ गणितात ते कमी पडत नाही.

निवड करताना आपली पद्धतही पाहावी. तयार माल्ट अर्क वापरणाऱ्याला मॅशचे तपशील लागतच नाहीत. त्याला साधे कॅलक्युलेटर पुरते. पिशवीत धान्य भिजवून सगळे पाणी एकदमच घेणाऱ्याला त्या पद्धतीचे प्रोफाइल हवे, नाहीतर प्रोग्रॅम चोथा धुण्यासाठी वेगळे पाणी काढून ठेवायला सांगतो. मेट्रिक मापांची पूर्ण सोयही आवश्यक आहे. अमेरिकन गॅलन ३.७९ लिटरचा, तर ब्रिटिश ४.५५ लिटरचा. पाच गॅलनची अमेरिकन रेसिपी ब्रिटिश गॅलन समजून घेतली, तर १९ लिटरचे माल्ट जवळजवळ २३ लिटर पाण्यात पडते आणि बिअर पातळ होते.

नोंदी कोणाच्या?

‘ब्रुटोड’ नावाची वेबसेवा एकेकाळी हजारो लोक वापरत होते. २०१८ च्या अखेरीस ती बंद झाली. ज्यांनी आपल्या रेसिपी आधीच उतरवून घेतल्या, त्यांनी त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये भरल्या. ज्यांनी ते केले नाही, त्यांच्या नोंदी सेवेबरोबर गेल्या.

असे स्थलांतर शक्य होते ते ‘बिअरएक्सएमएल’ या समाईक फाइल-स्वरूपामुळे. त्यात वजन किलोमध्ये, पाणी लिटरमध्ये आणि तापमान सेल्सिअसमध्ये लिहायचे ठरलेले असल्याने प्रोग्रॅम कोणत्याही देशातला असला तरी फाइल वाचता येते. पण हे स्वरूप जुने आहे. उकळीनंतर कोणत्या तापमानाला हॉप्स मुरवले, हे लिहायला त्यात स्वतंत्र जागा नाही आणि प्रत्येक वेळच्या मोजमापांची वहीही त्यात मावत नाही. अशा उणिवा भरून काढण्यासाठी ‘बिअरजेसन’ हे नवे स्वरूप पुढे आले, पण सगळे प्रोग्रॅम अजून ते वाचत नाहीत. म्हणून रेसिपी फाइलमध्ये काढाव्यात आणि मोजमापांच्या नोंदी छापून किंवा साध्या तक्त्यात वेगळ्या ठेवाव्यात. ज्या प्रोग्रॅममधून निर्यात करता येत नाही, त्यात वर्षांच्या मेहनतीच्या नोंदी साठवू नयेत.

पारखण्याची रीत

दोनतीन प्रोग्रॅम निवडून त्यांच्या फुकट किंवा चाचणी आवृत्तीत पूर्वी बनवलेली एकच रेसिपी भरावी. तिची प्रत्यक्ष मोजलेली घनता वहीत असली पाहिजे. मापे भरल्यावर अंदाज आणि वस्तुस्थिती यांत किती अंतर पडते, ते पाहावे. मग कार्यक्षमता आणि वाफेचा आकडा आपल्या नोंदीप्रमाणे बदलावा. अंतर मिटले तर गणित पटण्याजोगे आहे. त्यानंतर रेसिपी बिअरएक्सएमएलमध्ये बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी आणि कोणते तपशील गळले, ते तपासावे. शेवटी फोनवर, ओल्या हातांनी, उकळत्या भांड्याशेजारी उभे राहून पान वाचता येते का, हेही पाहावे, कारण प्रत्यक्ष काम तिथेच चालते.

निवड झाल्यावर पहिल्या तीनचार खेपांत दर वेळी तीन गोष्टी मोजून नोंदवाव्यात: उकळण्यापूर्वीचे पाणी, फर्मेंटरमध्ये गेलेले पाणी आणि सुरुवातीची घनता. हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी बनवलेला असतो, म्हणून वर्ट थंड करूनच माप घ्यावे. या नोंदींवरून दर वेळी प्रोफाइल सुधारत गेले की अंदाज आणि माप यांतले अंतर एकदोन अंशांवर येते. त्यानंतर घनता चुकली, तर दोष भरडण्यात, तापमानात की पाण्यात आहे, हे शोधणे सोपे जाते. प्रोग्रॅम बदलावासा वाटला तर याच नोंदी नव्या प्रोफाइलमध्ये भरून पुढचे काम सुरू ठेवता येते.